लाव्हा थिजल्यानंतर आलेली माणसं

१८६५ च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ए. बी. विन पैठणजवळच्या मुंगी गावी गोदावरीच्या जुन्या गाळाचे थर तपासत होते. तिथल्या खडीच्या थरात त्यांना अकीकाचा एक छिलका मिळाला. तो माणसाने मुद्दाम फोडून काढलेला होता. त्याच खोऱ्यातल्या जुन्या गाळात आज नामशेष झालेल्या हत्तींची आणि रानबैलांची हाडं सापडतात. त्या आधी दोनच वर्षं, मे १८६३ मध्ये, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम इथे दगडी हातकुऱ्हाड मिळाली होती. भारतात प्राचीन अश्मयुगीन माणूस होता ही गोष्टच तेव्हा नवी होती. गोदावरीकाठीही तो होता, हे मुंगीच्या त्या छिलक्यानं दाखवून दिलं.

१८६५ सालीच हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर जॉर्ज क्लार्क हे शाळामास्तर एका दलदलीत डोडो पक्ष्याची हाडं शोधत होते. मार ओ सोंज हे त्या दलदलीचं नाव. गुडघाभर चिखलात उतरलेल्या मजुरांनी पायांनी चाचपून हाडं वर काढली. माणूस बेटावर पोचल्यावर काही दशकांत संपलेल्या या पक्ष्याच्या हाडांचा तो पहिला भरघोस साठा ठरला.

मुंगी आणि मॉरिशस यांच्यामध्ये हजारो किलोमीटर समुद्र आहे, पण दोन्ही शोधांच्या खालचा खडक एकाच घराण्यातला आहे. दोन्हीकडे काळा बेसाल्ट आहे, आणि भूवैज्ञानिकांच्या मते दोन्हीकडचा बेसाल्ट पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त झोतातून वर आला. ज्वालामुखीनं घडवलेल्या जमिनीवर माणूस केव्हा आला, कशाच्या आधारावर टिकला आणि हे आज आपल्याला कसं कळतं, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. सांगायचं ते मराठवाड्याच्या पूर्व टोकाला, बिलोलीच्या जमिनीवर उभं राहून.

हा तप्त झोत आज रेयुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वाधिक जागत्या ज्वालामुखींपैकी एक. झोत जवळपास जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावरून भूपट्ट सरकत जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा पश्चिम भाग या झोतावर होता. तेव्हा वाहिलेल्या लाव्ह्यातून दख्खनचं पठार घडलं. भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची माळ उरली: लक्षद्वीप आणि मालदीवखालची डोंगररांग, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रेयुनियन. १९८७ साली समुद्रतळावर विंधनं घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनं या माळेतले खडक वर काढले, तेव्हा वयाचा क्रम तसाच लागला. उत्तरेकडचे खडक जुने, दक्षिणेकडचे तरुण. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे ८० ते ९० लाख वर्षांचे आहेत, तर रेयुनियनचे जेमतेम २० लाखांच्या आसपास.

लाव्हा वाहत होता तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून तो आधीच तुटला होता, आशियाला भिडायला अजून दीडेक कोटी वर्षं होती. चहूबाजूंनी पाणी असलेलं ते एक प्रचंड बेटच होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेले डायनोसॉरचे जीवाश्म त्या बेटावरच्या रहिवाशांचे. म्हणजे ज्वालामुखी बेटांची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. आपण ज्या खडकावर घरं बांधतो, विहिरी खणतो, त्याची सुरुवात बेटावरच झाली.

आता बिलोलीकडे येऊ.

दख्खनच्या लाव्ह्यानं आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. कोयनेच्या परिसरात खोल विंधनात खालचा ग्रॅनाइट लागायला सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट भेदावा लागला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनात हीच जाडी अवघी ३३८ मीटर निघाली. किल्लारीपासून ईशान्येकडे दीडशेएक किलोमीटरवर बिलोली–देगलूरचा पट्टा येतो आणि तिथे बेसाल्टचं पांघरूण विरून जातं. पूर्व नांदेडात ग्रॅनाइट आणि नाइस हे मूळ खडक उघड्यावर येतात. त्यांचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरातलं. एका तालुक्यात, काही वेळा एकाच शिवारात, साडेसहा कोटी आणि अडीचशे कोटी वर्षांचे दोन खडक शेजारी नांदतात. लाव्ह्याचा मुख्य विस्तार या बाजूला संपतो. त्यातले काही प्रवाह मात्र जुन्या नदीखोऱ्यांतून उगमापासून हजारएक किलोमीटर दूर, पार राजमहेंद्रीपर्यंत पोचले असावेत, असं अनेक संशोधक मानतात.

हा बदल समजायला भूविज्ञानाची पदवी लागत नाही. बेसाल्ट झिजला की मुरूम होतो, मुरमाची पुढे काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती होते. ग्रॅनाइट झिजला की गारगोटीचे आणि गुलाबी-तांबूस खनिजांचे कण उरतात, म्हणजे रेती होते. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते, लातूर जिल्ह्यातून बेसाल्टवरून वाहते, बीदर ओलांडून तेलंगणात ग्रॅनाइटच्या मुलखात शिरते आणि मग उत्तरेकडे वळून बिलोली तालुक्याच्या कडेनं कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते. येसगी, सगरोळीकडच्या पात्रातली लाल रेती बांधकामवाल्यांना ठाऊक आहे. ती निव्वळ बेसाल्टच्या प्रदेशातल्या नदीला देता आली नसती, कारण बेसाल्टच्या मूळ घडणीत गारगोटीचे दाणेच नसतात. म्हणून मांजरेचा गाळ हा दोन भूप्रदेशांचा एकत्र दस्तऐवज आहे. लाव्ह्याच्या पोकळ्यांतून सुटलेले अकीक वरच्या अंगानं येतात, ग्रॅनाइटची रेती खालच्या अंगानं.

प्राचीन माणसाला ज्वालामुखीच्या जमिनीतून काय मिळत होतं? सर्वांत आधी दगड.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात, प्रवरेकाठच्या नेवाशाजवळ चिर्की इथे गुडरून कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकात मोठं उत्खनन केलं. तिथे हातकुऱ्हाडी आणि फरश्या मोठ्या संख्येनं निघाल्या. त्या मुख्यतः बेसाल्ट आणि डोलेराइटच्या आहेत. लाव्ह्याच्या थरांना चिरत उभ्या भिंतीसारखे जे दाईक वर आले, त्यांतला हा घट्ट दगड. त्याचे मोठे छिलके निघतात आणि त्यांना जड, धारदार आकार देता येतो. आद्य पुराश्मयुगातल्या माणसानं हाच दगड पसंत केला.

पुढे पसंती बदलली. नेवाशालाच ह. धी. सांकळिया यांना हातकुऱ्हाडींच्या थरांपेक्षा वरच्या, म्हणजे नंतरच्या गाळात वेगळी हत्यारं मिळाली: लहान, हलकी, अकीक, चर्ट आणि जास्पर यांची. मध्य पुराश्मयुगाच्या या हत्यारांना त्यांनी नेवाशावरूनच नाव दिलं. हा नवा मालही लाव्ह्याचीच देणगी होती. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकतात. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून झिरपणारं पाणी सिलिका आणून सोडतं आणि अकीक, गारगोटी, स्फटिक तयार होतात. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं, तिथे या दगडांची बारीक पाती आहेत आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही आहेत. जड दाईकपासून नाजूक अकीकापर्यंतचा हा प्रवास लाखो वर्षांचा आहे.

दुसरी गरज पाण्याची. दख्खनमध्ये लाव्हा एका दमात आला नाही, थरांवर थर साचत गेले. दोन थरांमधल्या अवकाशात कधी माती तयार झाली आणि वरच्या लाव्ह्यानं ती भाजून लाल केली. विहीर खणणारे तिला गेरू म्हणतात. काळ्या पाषाणात पाणी जवळपास नसतं, भेगाळलेल्या किंवा पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात ते मिळतं. मराठवाड्यातला शेतकरी हे थर विहिरीच्या भिंतीवर रोज वाचतो. प्राचीन माणसाला विहीर खणणं माहीत नव्हतं, त्यामुळे त्याची वस्ती झऱ्यांच्या आणि नद्यांच्या कडेला घट्ट बांधलेली होती. हत्यारं पठाराच्या माथ्यापेक्षा नदीच्या काठांवर इतकी जास्त का सापडतात, याचं मोठं कारण हेच. गाळात पुरलेल्या वस्तू टिकतात आणि नदीनं काठ कापला की उघड्या पडतात, हे दुसरं कारण.

तिसरी गोष्ट माती, आणि ती फार उशिरा उपयोगी आली. काळी माती शेतीला उत्तम असली तरी उन्हाळ्यात दगडासारखी, पावसात चिखल. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी नदीकाठच्या गाळावर वसले. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात त्यांचं अख्खं गाव उलगडलं. सुरुवातीच्या काळातली ऐसपैस चौकोनी घरं इ. स. पू. १००० च्या पुढे गोल झोपड्यांवर आली. पावसाचं मान घटलं, शेती आक्रसली आणि लोक गुराढोरांवर अधिक विसंबले, असा त्याचा अर्थ म. के. ढवळीकर यांनी लावला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास हे गाव उठलं. बेसाल्टच्या पठारावरची वस्ती नेहमीच पावसाच्या मेहेरबानीवर होती, हे बिलोली, मुखेड, अहमदपूरच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं केव्हा घडलं, हा या विषयातला खरा पेच आहे.

दूरच्या ज्वालामुखी बेटांवर या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. आइसलंडमध्ये इ. स. ८७७ च्या सुमारास पडलेल्या ज्वालामुखी राखेचा एक थर देशभर दिसतो. त्याच राखेचे कण ग्रीनलंडच्या बर्फात वर्षागणिक साचलेल्या थरांत मिळाले, म्हणून तारीख इतकी नेमकी. वस्तीच्या खुणा जवळजवळ सगळ्या या थराच्या वर आहेत. पॅसिफिकमध्ये हवाई आणि रापा नुई म्हणजे ईस्टर बेटावर माणूस गेल्या हजारेक वर्षांत पोचला, न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकाच्या आसपास. माणसांबरोबर उंदीर आले, जंगल जळाल्याचा कोळसा तळ्यांच्या गाळात उतरला, जमिनीवरचे पक्षी संपले. बेटाच्या गाळात माणसाच्या आगमनाची रेघ उमटते. तिच्या खाली माणूस नाही, वर आहे.

दख्खनमध्ये अशी रेघ नाही. खालचा बेसाल्ट इतका जुना की माणसाच्या काळासाठी त्याचं वय निरुपयोगी. वरचा गाळ नदीनं कित्येकदा उकरला आणि पुन्हा पसरला, त्यामुळे वेगवेगळ्या काळातली हत्यारं एकाच खडीत येतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा वरची वस्तू खोल जाते, आणि माती फुगली-आक्रसली की खालचे दगड वर येतात. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि त्यांचे सहकारी आयुष्यभर नद्यांचे थर वाचत राहिले ते यासाठीच. हत्यार कोणत्या थरात होतं आणि तो थर नदीनं केव्हा टाकला, हे ठरल्याशिवाय नुसता दगड मुका असतो.

अशा परिस्थितीत १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखी राखेचा थर ओळखला गेला आणि त्याच्याशी निगडित हातकुऱ्हाडींची हत्यारंही. दख्खनचा स्वतःचा ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेला. ही राख वाऱ्यावर आली होती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून. वाद असा की तोबाच्या कोणत्या उद्रेकातून? शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याची असेल तर तिच्याजवळची हत्यारं अनपेक्षितपणे अलीकडची ठरतात, किंवा ती जुन्या थरातून वाहून राखेजवळ आली असं मानावं लागतं. शीला मिश्रा आणि इतरांनी १९९५ मध्ये मांडलेल्या तारखेप्रमाणे राख सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांची आहे. तिच्याही आधी तब्बल १४ लाखांचा आकडा पुढे आला होता. एका थराच्या वयात इतकी तफावत म्हणजे या शास्त्राचं अपयश नव्हे. राख कोणत्या उद्रेकाची हे तिच्या काचकणांच्या रासायनिक घडणीवरून ठरवायचं असतं, आणि ती मूळ जागी आहे की वाहून आलेली हे नदीच्या थरांवरून. दोन्ही बाजूंचे पुरावे जुळल्याशिवाय तारखेला अर्थ येत नाही. दक्षिण भारतात माणूस फार जुना होता याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कमची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांची मानली जातात. कर्नाटकात के. पद्दय्या यांनी खणलेलं इसामपूर सुमारे १२ लाखांचं आहे, आणि ते दख्खन लाव्ह्याच्या दक्षिण सीमेजवळ, म्हणजे बिलोलीसारख्याच काठावरच्या मुलखात येतं.

मग बेटांवर माणूस इतक्या उशिरा का? उत्तर अंतरात आहे. दख्खनला माणूस पायी आला, बेटावर जायला नाव, वाऱ्याचं ज्ञान आणि सोबत न्यायची बी-बियाणं लागली. शिवाय बेटावर गोडं पाणी हवं. अंदमानातलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. माणसांची वस्ती त्याच्या आसपासच्या बेटांवर आहे, त्याच्यावर आजही नाही. जिथे पाणी आणि माती होती, तिथे पोचल्यावर बेटवासीयांनी दगड ओळखायला वेळ लावला नाही. हवाईतल्या मौना केआ पर्वतावर साडेतीन हजार मीटरच्या वर त्यांनी वाशींसाठी, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारांसाठी, बेसाल्टच्या खाणी काढल्या. २००७ मध्ये रासायनिक तपासणीतून कळलं की तुआमोतू बेटांवर मिळालेल्या वाशींपैकी एकीचा दगड चार हजार किलोमीटर दूरच्या हवाईचा होता. बेसाल्ट वरवर सगळीकडे सारखाच काळा दिसतो, पण प्रत्येक ज्वालामुखीची रासायनिक ओळख वेगळी असते. त्या ओळखीवरून होड्यांचे मार्ग काढता येतात.

मॉरिशसकडे परत वळलं की ही गोष्ट घरात येते. १५९८ मध्ये डच तिथे उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली, १७१० मध्ये सोडली. मग फ्रेंच आले आणि मादागास्कर, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर ऊस उभा राहिला. १८३४ पासून भारतातले करारबद्ध मजूर येऊ लागले. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाणारी ती जागा २००६ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्या माणसांत मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थी हा आज मॉरिशसचा सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. नांगर चालावा म्हणून मजुरांनी बेसाल्टचे धोंडे वेचून रचले ते हे ढीग. दख्खनच्या काळ्या दगडावरून गेलेले मराठी लोक त्याच झोतातून जन्मलेल्या काळ्या दगडावर राबले. पुरातत्त्वज्ञासाठी हे ढीगही वस्तीचा पुरावाच, मुंगीच्या छिलक्याइतका.

ज्वालामुखीची जमीन राहणाऱ्याकडून किंमतही घेते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. बेसाल्टचे ओबडधोबड दगड मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. भूकंपाचा उगम लाव्ह्याच्या खाली, त्या जुन्या खडकात होता. लाव्ह्याचं पांघरूण वर असल्यामुळे खाली काय चाललं आहे ते दिसत नव्हतं, आणि म्हणूनच ३३८ मीटरचं ते विंधन इतकं मोलाचं ठरलं.

या सगळ्यात बिलोलीच्या पट्ट्याचं स्थान कुठे? दख्खनची गाजलेली उत्खननं बहुतेक वरच्या खोऱ्यांतली आहेत: नेवासे, दायमाबाद, जोर्वे, इनामगाव, बोरी. मांजरा खोऱ्यानंही आपलं महत्त्व दाखवलं आहे. लातूर जिल्ह्यात हरवाडीच्या परिसरातल्या नदीच्या गाळातून हत्ती, रानबैल आणि पाणघोडा यांचे जीवाश्म निघाले. आज इथे टँकर फिरतात, तिथे कधीकाळी पाणघोडा डुंबेल इतकं बारमाही पाणी होतं. हाच गाळ नदी पुढे बिलोलीपर्यंत घेऊन येते. दोन खडकांचा सांधा, दोन नद्यांचा संगम आणि हत्यारांना लागणारे दोन्ही प्रकारचे दगड इथे एकत्र येतात. शोध घेण्याजोगी जागा याहून वेगळी काय असते?

ती जागा झपाट्यानं कमी होते आहे. रेतीचा उपसा पात्रापुरता थांबत नाही, काठाखालच्या जुन्या खडीपर्यंत जातो, आणि लाखो वर्षांचा क्रम एका पावसाळ्याच्या आत ट्रकमधून निघून जातो. काळ्या शिवारात उठून दिसणारी पांढरीची टेकाडं, म्हणजे जुन्या गावठाणांची राख-मातीची ठिकाणं, भरावासाठी खणली जातात. तेव्हा या विषयाच्या वाचकाला एक विनंती. विहिरीत, नदीकाठी किंवा शेतात जड, दगड झालेलं हाड दिसलं, दोन्ही बाजूंनी छिलके काढून धार केलेला दगड मिळाला, किंवा काठाच्या कापात पांढुरक्या, पिठासारख्या बारीक राखेचा थर दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नये. जागेचा फोटो घ्यावा, थराची खोली मोजून ठेवावी आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्र संकुलाला कळवावं. थरातून उपटलेला दगड संग्रहालयाच्या कपाटाची शोभा वाढवतो, तारीख मात्र जागेवर राहिलेल्या दगडाचीच निघते.